खाच भरावी की ठेवावी?

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांवरून फारसे वाद होत नाहीत. झिजलेलं बदलायचं, जाम झालेलं मोकळं करायचं, एवढं सगळ्यांना मान्य असतं. वाद पेटतो तो डॅशबोर्डापाशी. चालवणाऱ्याच्या नजरेसमोर कायम असणारा हा भाग, आणि प्रत्येक पिढी आपापल्या सोयीनं त्यात काहीतरी बसवत गेलेली असते. आधी रेडिओ, मग कॅसेट प्लेअर, मग सीडी, आता मोबाइलचा चार्जर. त्यामुळे डॅशबोर्ड खोलायचा म्हटलं की आधी एक गोष्ट ठरवावी लागते : कोणत्या सालची गाडी परत आणायची?

या प्रश्नाच्या दोन बाजू इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. मामा पुण्यातले, हयातभर मोटारींचं वायरिंग केलेले. भाची जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करणारी वास्तुविशारद. दोघांसमोर उभी आहे १९६६ ची फियाट ११०० डिलाइट. गाडी अप्पांची, म्हणजे मामांच्या वडिलांची आणि भाचीच्या आजोबांची. डॅशबोर्डाच्या पत्र्यात एक आडवी खाच कापलेली आहे, तिच्यात बंद पडलेला कॅसेट प्लेअर आहे, आणि अप्पांचा रेडिओ माळ्यावरून खाली काढून टेबलावर ठेवलेला आहे.

मूळ म्हणजे कोणत्या दिवसाचं?

मामा : मी सांगतो तसं करू. मीटरची पेटी काढायची, ग्लोव्ह बॉक्स काढायचा, स्विचेस काढायचे. तो टेप भंगारात. मग खाचेच्या मापाचा पत्रा कापून वेल्ड मारायचा, घासून सपाट करायचा, रंग द्यायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा जसा डॅशबोर्ड होता, तसा पुन्हा झाला पाहिजे.

भाची : आणि मी म्हणते, त्या खाचेला हात लावू नकोस.

मामा : अगं, खाच कसली, वाटोळं आहे ते! १९८७ साली तुझ्या थोरल्या मामानं बाजारात नेऊन कापून आणली. १८२ बाय ५३ मिलिमीटर, सगळ्या टेपचं ठरलेलं माप. कापणाऱ्यानं कडेला कानससुद्धा फिरवली नाही. बोट फिरवून बघ, सांभाळून. अजून कापेल.

भाची : कडा वाईट कापली आहे, हे कबूल. पण मला ही गाडी आठवते ती या टेपसकटच. मे महिन्यात आम्ही सगळी पोरं मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसायचो आणि कॅसेटची बाजू उलटायला पुढं कोणी बसायचं यावरून भांडायचो. खाच बुजवलीस की ती सगळी वर्षं गाडीतून पुसली जातील.

मामा : आठवणींवर गाडी बांधायला घेतली तर जितकी माणसं तितक्या गाड्या होतील. तुझी एक, माझी एक. म्हणून मी मूळ धरून चालतो. फियाटच्या ११०० डीवरून प्रीमियरनं १९६४ साली डिलाइट आणली. पुढं तिचीच १९७४ मध्ये पद्मिनी झाली. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग सीट, १०८९ सीसीचं इंजिन, हे सगळं वर्षानुवर्षं टिकलं. आणि आता बघ. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, झालं. ज्या गाडीनं मुंबईला रंग दिला, ती मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून उरली नाही. घराघरांत थोड्या राहिल्या आहेत. त्या तरी मूळ रूपात दिसायला नकोत का?

भाची : दिसायला हव्यात. पण मूळ म्हणजे कोणत्या दिवसाचं, ते तूच सांग. ग्लोव्ह बॉक्समध्ये अप्पांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक होतं. पोस्टात पैसे भरायचे आणि तिकिटं लावून घ्यायची, ते. त्यातली पहिली नोंद १९७१ ची आहे. म्हणजे गाडी घेतल्यावर पाच वर्षांनी रेडिओ आला. १९६६ चा डॅशबोर्ड करायचा तर अप्पांचा रेडिओसुद्धा बसवायचा नाही. चालेल तुला?

मामा : रेडिओची गोष्ट वेगळी. त्या काळी आपल्याकडे रेडिओ गाडीबरोबर यायचाच असं नव्हतं. ज्याला परवडेल तो बाहेरून बसवून घ्यायचा.

भाची : टेपसुद्धा बाहेरूनच बसवला.

मामा : पण रेडिओ कसा बसवलाय ते बघ ना! डॅशबोर्डाच्या खालच्या वळलेल्या कडेला दोन भोकं, त्याला लोखंडी पट्टी, पट्टीला रेडिओ टांगलेला. पुढून पत्र्याला ओरखडासुद्धा नाही. दोन नटबोल्ट सोडले की गाडी होती तशी. टेपवाल्यानं मात्र पत्राच कापला. एक काम परत फिरवता येतं, दुसरं येत नाही. माझा राग टेपवर नाही, त्या करवतीवर आहे.

भाची : मामा, मग आपलं भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. तुझीच कसोटी लावू. परत फिरवता येतं ते चालेल, येत नाही ते चालणार नाही. आता सांग, वेल्ड परत फिरवता येतो का?

मामा : वेल्डनं गाडी पहिल्यासारखी होते.

भाची : मी ते विचारलं नाही.

मामा : नाही येत. एकदा मारला की मारला.

उघडायचं की नाही?

भाची : म्हणूनच माझं मत असं की डॅशबोर्ड उघडूच नये. बाहेरून पुसावा, काच साफ करावी आणि गाडी चालवावी. इमारतीच्या कामात आम्ही हेच शिकतो. जे उभं आहे ते विनाकारण खोलू नये, कारण खोलताना नेहमी काहीतरी हरवतं.

मामा : इथं मी तुझं ऐकणार नाही. ये, खाली वाक. टॉर्च मारून दाखवतो. टेपची लाल वायर कुठून आली आहे? इग्निशन स्विचच्या मागून. स्विचकडे जाणारी मूळ वायर ब्लेडनं सोलली, तिच्यावर ही गुंडाळली आणि काळी टेप लावली. आता हात लाव. टेपचा डिंक वितळून बाहेर आलाय आणि टेप सुटलीये. आतलं तांबं उघडं पडलंय, आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर मीटरच्या पेटीची लोखंडी पट्टी आहे.

भाची : मध्ये फ्यूज कुठं आहे?

मामा : नाहीच. तेच तर दाखवतोय. रेडिओ असता तर एक-दोन अँपिअरचा फ्यूज पुरला असता, या टेपला पाचाचा. इथं काहीच नाही. खड्ड्यात गाडी आदळली आणि ही वायर पट्टीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. वायर आधी लाल होते, मग तिच्या शेजारच्या सगळ्या वायरींचं प्लॅस्टिक जळतं. बघेपर्यंत डॅशबोर्डामागून धूर. अशा वायरिंगच्या गाडीत मी कुणाच्या पोरांना बसवणार नाही.

भाची : बरं. टेपची वायर काढू, फ्यूज घालू. पण तेवढ्यासाठी अख्खं वायरिंग कशाला?

मामा : ही दुसरी वायर जरा वाकव. हलकेच.

भाची : भेगा पडल्या.

मामा : साठ वर्षांचं पीव्हीसी आहे ते. इंजिनची धग, पुण्याचा उन्हाळा आणि वरचेवर केलेली जोडकामं. वरून ठीक दिसतं, वाकवलं की तडकतं. म्हणून म्हणतो, मीटर काढल्याशिवाय आणि मागचा जुडगा बाहेर घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. उघडायचं का, हा प्रश्नच नाही. कसं उघडायचं, ते ठरवू.

भाची : मान्य. इमारतीची तुळई कुजली असेल तर आम्हीही छप्पर उतरवतो. मग रीतसर उतरवू. पहिलं काय?

मामा : पहिलं बॅटरीचं अर्थिंग सोडायचं. फियाटमध्ये ते वजा टोकाचं. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक अंगाला जोडलेलं असायचं, त्यामुळे न बघता हात घालू नये. अर्थिंगच आधी का? आधी दुसरं टोक सोडताना पाना चुकून बॉडीला लागला तर तिथंच ठिणगी. अर्थिंग सुटलेलं असलं की पाना कुठंही लागला तरी काही होत नाही.

भाची : मग फोटो.

मामा : फोटो काढ, पण फोटोच्या भरवशावर राहू नकोस. मागं दहा वायरी एकाच मळक्या रंगाच्या दिसतात, फोटोत कोण कुठली ते कळत नाही. मी दोन चिठ्ठ्या लावतो. एक वायरीला, एक ती जिथून सुटली त्या टोकाला, दोन्हींवर एकच आकडा. चिकटपट्टी लावायची नाही. तेलकट वायरीवर ती चार दिवसांत गळते. कागदी लेबल, दोऱ्यानं बांधलेलं. आणि स्क्रूंसाठी पुठ्ठा घ्यायचा. त्यावर डॅशबोर्डाचं चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघाला, तिथंच पुठ्ठ्यात खोचायचा. लांबी बारीकशीच वेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की पलीकडची वायर फोडतो.

भाची : हे तर आमच्यासारखंच झालं. वाडा उतरवताना प्रत्येक लाकडाला क्रमांक घालतात.

मामा : मग तुला सांगावं लागणार नाही. आता मीटर. मागं हात घातला की स्पीडोमीटरची केबल, तिच्या टोकाला कंगोरे असलेला गोल नट. पाना नको, बोटांनीच सोडायचा. केबलमध्ये तार फिरते, ती मीटरमधलं चुंबक फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, ती ओढली जाते आणि वाटीला लावलेला काटा सरकतो. चुंबक वाटीला कुठं चिकटलेलंही नसतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकतं. पण केबलला कुणी ग्रीस भरून ठेवलं की ते फिरत फिरत वर चढतं आणि वाटीत जाऊन बसतं, मग काटा अडकतो. ग्रीस खालच्या भागाला, तेही बोटाला लागेल एवढंच.

भाची : निघाला. अगदी अलगद निघाला.

मामा : आता पेटी पुढं ओढ. थांब. मागच्या पत्र्याकडे बघ.

सावलीतला रंग

भाची : हा रंग वेगळाच आहे.

मामा : हाच खरा. बाहेरचा डॅशबोर्ड दोनदा रंगवलाय, एकदा गाडीबरोबर आणि एकदा तुझ्या मामानं टेप बसवल्यावर कापाच्या जागचे ओरखडे लपवायला. पेटीच्या मागं मात्र ऊनही लागत नाही आणि रंगाऱ्याचा ब्रशही पोचत नाही. त्यामुळे कारखान्यातला रंग इथं जसाच्या तसा राहतो. फिकट निळा, किंचित राखाडीकडे झुकणारा. न उघडता हे कुणाला कळलं असतं?

भाची : कळलं नसतं. मामा, हा तुझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. या रंगाचं माप घेऊन ठेवू. पण समोरचा डॅशबोर्ड त्या रंगात रंगवायचा का, हे वेगळं ठरवू.

मामा : त्यात काय ठरवायचं? मूळ रंग मिळाला, द्यायचा.

भाची : १९६४ मध्ये व्हेनिसला स्मारकांच्या जतनाची एक सनद झाली. जगभर आमचं काम अजून तिच्या आधारे चालतं. तिच्यात दोन गोष्टी आहेत, दोन्ही इथं लागू पडतात. पहिली अशी की वास्तूवर वेगवेगळ्या काळांत जी भर पडली, तिचाही मान राखायचा. सगळी वास्तू एकाच शैलीची दिसावी, हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट नव्हे. दुसरी, जिथं अंदाज सुरू होतो तिथं थांबायचं.

मामा : ते देवळं-राजवाड्यांचं. गाडी रोज वापरायची वस्तू.

भाची : गाड्यांसाठीही तशीच सनद आहे. जुन्या गाड्यांच्या संघटनांचा जागतिक महासंघ आहे, फिवा. त्यांनी व्हेनिसच्या धर्तीवर तुरीनची सनद केली, २०१२ मध्ये. तुरीन म्हणजे फियाटचंच गाव. ती सनद म्हणते की नंतर केलेले बदल शक्यतो परत फिरवता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबरच जपून ठेवावेत. नवीन भाग ओळखू येईल असा असावा, हेही त्यात आहे. तू म्हणतोस तसा वेल्ड मारून, घासून, रंगवून खाच दिसेनाशी केली, तर पुढचा माणूस फसेल. त्याला वाटेल हा पत्रा कधी कापलाच नव्हता.

मामा : फसेल कसला? चांगलं काम म्हणेल! डेंटिंगचं सगळं कसब काम दिसू न देण्यातच आहे. आणि स्पर्धेत परीक्षकसुद्धा तेच बघतात, कारखान्यातून निघाल्यासारखी दिसते का.

भाची : आता तसंच राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या पेबल बीचसारख्या मोठ्या प्रदर्शनात जशाच्या तशा राखलेल्या, रंग न बदललेल्या गाड्यांचा वेगळा गट आहे. झिजलेली सीट, विटलेला रंग, तिथं हे सगळं मोलाचं ठरतं.

मामा : विटलेला रंग आणि कुणी अडाण्यानं कापलेला पत्रा एकच नव्हेत. ऊन लागून रंग विटणं हे गाडीचं वय. करवत म्हणजे तिच्यावर केलेला घाव. म्हातारपणाच्या सुरकुत्या मी पुसणार नाही, पण जखमेला टाका घालीन.

भाची : हा फरक मला पटतो. खरंच पटतो. तुझी सुरकुती कोणती आणि जखम कोणती, हे प्रत्येक ठिकाणी विचारावं लागेल. पण ही जखम चार दशकांपूर्वीची आहे. तीही आता गाडीच्या अंगाचा भाग झाली.

रेडिओच्या पोटात

मामा : बरं, खाच बाजूला ठेव. रेडिओचं सांगतो, त्यावर तरी तू नाही म्हणणार नाहीस. अप्पांचा रेडिओ परत त्याच पट्टीवर टांगू. पण तो मीडियम वेव्हचा. आज सगळं एफएमवर आणि मोबाइलवर. म्हणून पोटातलं सगळं काढून टाकू, आत ब्लूटूथचा छोटा बोर्ड बसवू. बाहेरून अप्पांचा रेडिओ, आतून आजचा. तपकीर गल्लीत सगळं सामान मिळतं.

भाची : नाही म्हणणार आहे.

मामा : आता का? बाहेरून तर तसाच राहतोय.

भाची : मामा, पत्र्याच्या बाबतीत तू मूळ मूळ करतोस आणि रेडिओचं पोट फाडायला निघालास! तो डबा म्हणजे रेडिओ नव्हे. आत काय आहे ते बघितलंस का?

मामा : बघितलं की. ट्रान्झिस्टरचा आहे. व्हॉल्व्हचा असता तर बटण दाबल्यावर गरम व्हायला अर्धा मिनिट लागला असता, आणि १२ व्होल्टचे दीड-दोनशे करायला आत व्हायब्रेटर गुणगुणला असता. हा जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा. मेलाय तो.

भाची : मेलाय की नुसता झोपलाय? तूच मला लहानपणी शिकवलंस की आधी तपासायचं.

मामा : तपासायचं तर असं. थेट बॅटरीला जोडायचा नाही. इतक्या वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. टेबलावरच्या पॉवर सप्लायला लावायचा, करंटला मर्यादा घालायची, व्होल्टेज हळूहळू वर न्यायचं. स्पीकर जोडल्याशिवाय चालवायचा नाही, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जाईल. कपॅसिटर बदलावे लागतील, ते स्वस्त. आणि हे चार पायांचे ट्रान्झिस्टर बघ, एएफ ११७. यांचा एक जुना रोग आहे. पत्र्याच्या टोपीच्या आतल्या बाजूला कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतल्या तारांना टेकतात. रेडिओ मुका होतो, बाहेरून काही दिसत नाही.

भाची : त्याला उपाय?

मामा : चौथा पाय टोपीच्या शील्डला जोडलेला असतो. तो कापला की टेकलेल्या तंतूचा अर्थिंगशी संबंध तुटतो, कित्येकदा रेडिओ बोलायला लागतो. कायमचा इलाज नव्हे, पण चालतो. नाहीतर दुसरा ट्रान्झिस्टर.

भाची : म्हणजे सेट बरा होऊ शकतो. त्याला वाचवण्याची कला तुझ्या हातात आहे आणि तू तो बाहेर फेकणार! ही कला येणारी माणसं पुण्यात आता किती उरली?

मामा : बोटांवर मोजण्याइतकी. पण ऐकायचं काय त्यावर?

भाची : ७९२ किलोहर्ट्झ. पुणे आकाशवाणी. अप्पांचा काटा तिथंच असायचा, तूच सांगतोस. आणि मोबाइलचं हवं असेल तर व्हॉल्यूमच्या कंट्रोलपाशी एक वायर जोड, मोबाइलचा आवाज रेडिओच्याच ॲम्प्लिफायरमधून, अप्पांच्याच स्पीकरमधून येईल. एक डाख दिला की जोडली, काढला की सुटली. काहीही कापायचं नाही.

मामा : हं. होईल. मध्ये रोधक आणि एक कपॅसिटर घालावा लागेल, पण होईल. इग्निशनची खरखर येऊ नये म्हणून कॉईलला आणि डायनॅमोला सप्रेसर लावू. एरिअल जोडल्यावर ट्रिमर फिरवून घेऊ, वरच्या टोकाला एखादं क्षीण स्टेशन लावून. बरं झालं बोललीस. मी डब्याला रेडिओ समजत होतो.

चालवायची की दाखवायची?

भाची : आता एक व्यवहाराचं. २०२१ पासून विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली गाडी, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, पुढच्या वेळी पाच हजार. नंबर प्लेटवर व्हीए अशी अक्षरं येतात. आपली गाडी त्यात बसते.

मामा : पण मग रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. मला ही गाडी घेऊन वाईला जायचंय, मेणवलीच्या घाटावर. गाडी रस्त्यावर धावली नाही तर ती गाडी राहत नाही.

भाची : मग नेहमीच्याच नोंदणीवर ठेवू. मीही तेच म्हणत होते. म्हणजे आपण प्रदर्शनाची वस्तू बनवत नाही. वापरायची गाडी जपतोय. त्याप्रमाणे ठरवू. वायरिंग नवं करू, रंगांचा क्रम जुना ठेवून. रेडिओसाठी वेगळा फ्यूज. हे सगळं तुझं.

मामा : आणि खाच?

भाची : तुझं म्हणणं, उघडी खाच आणि मेलेला टेप समोर ठेवून गाडी चालवणं म्हणजे जखम उघडी ठेवणं. ते बरोबर आहे. बंद पडलेला टेप नुसता आठवणीसाठी तिथं ठेवण्यात मलाही आता अर्थ दिसत नाही. माझं म्हणणं, वेल्ड नको. मधला मार्ग असा की खाचेवर बसेल असं पत्र्याचं झाकण करायचं. टेप ज्या भोकांत बसवला होता, त्याच भोकांत मागून स्क्रू. नवीन भोक पाडायचं नाही. कडेला कानस मार, बोट कापायला नको. रंग बाहेरच्या डॅशबोर्डाचाच, झाकणाच्या मागच्या बाजूला मात्र साल आणि तू केलंस हे कोरायचं. काढलेला टेप खोक्यात घालून, बरोबर चिठ्ठी लिहून गाडीच्या सामानात.

मामा : झाकणाची रेघ दिसत राहील. रोज गाडीत बसलो की दिसेल.

भाची : दिसेल. आणि उद्या कुणी विचारलं तर ही रेघ का आहे, हे सांगता येईल.

मामा : मला अजून वाटतं वेल्ड बरा. पातळ पत्रा गॅसच्या उष्णतेनं लाटा धरतो, हे खरं, पण थोडा थोडा टाका देत, थंड करत गेलं तर ताबा राहतो. तो हात माझ्याकडे आहे. दहा वर्षांनी नसेल.

भाची : म्हणूनच वहीत लिही ना. कुठला पत्रा, किती जाड, टाके कसे द्यायचे, पेटीमागचा खरा रंग कुठला. पुढच्याला वेल्ड करायचाच असेल तर त्यानं तुझ्या हातानं लिहिलेलं वाचून करावा. आज आपण वेल्ड केला तर त्याला ठरवायला काही उरतच नाही.

मामा : त्यानं केला तर तुला चालेल?

भाची : सगळं वाचून, समजून केला तर चालेल. गाडी तेव्हा त्याची असेल.

मामा : मग पत्रा आण. झाकणाचं माप आत्ताच घेतो, आणि रेडिओ आज रात्री टेबलावर घेतो.

दोघांचं मिळून

या संवादात कुणी जिंकलं नाही, आणि जिंकायला नकोच होतं. डॅशबोर्ड उघडावा की नाही, या प्रश्नावर मामांचं म्हणणं निर्विवाद आहे. तडकलेल्या वायरी आणि फ्यूजविना केलेली जोडकामं आतच ठेवून गाडी रस्त्यावर आणणं हे जतन नव्हे, ती बेपर्वाई आहे. तिथे भावनेला जागा नाही. मीटर उतरलंच पाहिजे, जुडगा बाहेर आलाच पाहिजे, आणि अर्थिंग आधी सुटलंच पाहिजे.

पण उघडल्यावर काय पुसायचं, या प्रश्नावर भाचीचा सावधपणा मला जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांची कामं करताना चकाचक करण्याची हौस मोठी असते. निघालेला भाग त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे जातो, रेडिओचं पोट रिकामं होतं, लांबीच्या थराखाली सगळी माहिती गाडली जाते. मग पाच वर्षांनी कुणी विचारलं की मूळ रंग कोणता होता, तर सांगायला कुणी नसतं. फियाट, ॲम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड या गाड्या आपल्याच लोकांनी बांधल्या आणि आपल्याच लोकांनी चालवल्या. त्यांच्या डॅशबोर्डांवर कारखान्याचा जेवढा हात आहे, तेवढाच आपल्या घरांचाही आहे. दोन्ही हातांचे ठसे टिकले पाहिजेत.

म्हणून ज्यांनी अशी गाडी खोलायला घेतली आहे, त्यांना एकच विनंती. प्रत्येक कामाआधी विचारा की पुढच्या माणसाला हे उलटं फिरवता येईल का. येत असेल तर खुशाल करा. येत नसेल तर एक आठवडा थांबा, दुसऱ्या कुणाशी भांडा, आणि तरीही करायचं ठरलं तर आधीचे फोटो, मापं आणि कारण वहीत लिहून मग करा. ती वही आणि काढलेल्या भागांचं खोकं गाडीबरोबर द्या, गाडी विकली तरीसुद्धा.